लोणासुर, वेताळ आणि ड्रॅक्युला : मराठी भयकथेतील दैत्यकल्पनेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

भय ही मानवाची आदिम भावना आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले व त्यांचे स्थायीभाव अनुक्रमे भय आणि जुगुप्सा असे सांगितले. इंग्रजी गॉथिक कादंबरीच्या एक प्रमुख लेखिका ॲन रॅडक्लिफ यांनीही त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जवळजवळ असाच भेद केला आहे. एक भय मनाला विस्तारते व सावध करते, तर दुसरे मनाला गोठवून टाकते, असे त्यांचे म्हणणे आहे. परस्परांपासून दूर असलेल्या दोन परंपरांनी भीती एकविध नसते हे ओळखले होते. मराठी समीक्षेने मात्र भयकथेची दखल अभावानेच घेतली. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी अशा प्रवाहांची चर्चा विपुल झाली; वाचनालयातून सर्वाधिक हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकांत ज्यांचा समावेश होतो त्या भयकथा मात्र 'रंजनपर' या एका विशेषणाखाली बाजूला ठेवल्या गेल्या.

या उपेक्षेचा एक परिणाम असा की, मराठी भयकथेतील भूत, दैत्य आणि रक्तपिपासू या तीन भिन्न कल्पना एकच समजल्या जातात. 'पाश्चात्त्य व्हँपायर म्हणजे आपला वेताळ' किंवा 'मराठी भयकथा म्हणजे इंग्रजी भयकथेची नक्कल' अशी विधाने सहज केली जातात. ही दोन्ही विधाने तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची दैत्यकथा, वेताळपंचविशी, नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांचे लेखन आणि 'तुंबाड' हा चित्रपट यांचा आधार घेतला आहे. ज्या जिल्ह्यात भूतबाधा हा आजही अनेक कुटुंबांच्या जीवनातील प्रश्न आहे, तेथे भयसाहित्य कसे वाचावे व शिकवावे, हा प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

गॉथिक परंपरा आणि रक्तपिपासू

होरेस वॉल्पोल यांची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी १७६४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गॉथिक साहित्याचा आरंभ झाला असे मानले जाते. पडके किल्ले, भुयारे, वंशावर असलेला शाप, अंधारातून येणारे आवाज ही या साहित्याची सामग्री होय. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी लॉर्ड बायरन यांच्या निवासस्थानी जमलेल्या मंडळींनी भयकथा लिहिण्याची पैज लावली. त्यातून मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि बायरन यांचे डॉक्टर जॉन पॉलिडोरी यांची 'द व्हँपायर' (१८१९) या कृती जन्मल्या. मानवनिर्मित राक्षस आणि अभिजन रक्तपिपासू या आधुनिक भयसाहित्याच्या दोन प्रमुख प्रतिमा एकाच घरातून बाहेर पडल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पूर्व युरोपच्या लोकसमजुतीतील रक्तपिपासू हा गावातलाच एखादा मेलेला शेतकरी असे. पॉलिडोरी यांनी त्याला उमराव बनवले. शेरिडन ले फानू यांच्या 'कार्मिला' (१८७२) मध्ये तो स्त्रीरूपात आला आणि ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) मध्ये त्याला स्थिर स्वरूप लाभले. हा काउंट देखणा नसला तरी त्याच्याकडे मोहिनी आहे. तो दिवसा मातीच्या पेटीत पडून राहतो, निमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडू शकत नाही, आणि ज्याचे रक्त पितो त्याला आपल्यासारखे करून सोडतो. तो ट्रान्सिल्व्हानियातून जहाजाने इंग्लंडला येतो. म्हणजे तो परका आहे, श्रीमंत आहे आणि त्याला नव्या भूमीत मालमत्ता खरेदी करावयाची आहे. कार्ल मार्क्स यांनी 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात (१८६७) भांडवलाला रक्तपिपासूची उपमा दिली होती. पुढे फ्रँको मोरेत्ती या समीक्षकाने ड्रॅक्युलाचे वाचनच त्या अंगाने केले. गॉथिक रक्तपिपासू ही अमर्याद भुकेची प्रतिमा आहे. त्याची कोणतीही इच्छा पुरी करून त्याला शांत करता येत नाही. त्याचा नाश हाच त्यावरील उपाय ठरतो.

लोणारचा दैत्य

या प्रतिमेशेजारी लोणारची कथा ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद घेतली. त्याचे वय पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे मानले जाई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनानुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरते. विज्ञानाचे हे उत्तर येण्यापूर्वी लोकमानसाने त्या खड्ड्याचे स्वतःचे उत्तर शोधले होते.

इंपीरियल गॅझेटियरमध्ये नोंदवलेल्या कथेनुसार लवणासुर किंवा लोणासुर नावाचा दैत्य येथे भूमिगत विवरात राहत असे. त्याच्या विवराला झाकण होते व त्याचा ठावठिकाणा त्याच्या दोन बहिणींनाच ठाऊक होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, त्या बहिणींना मोहित केले, त्यांच्याकडून भावाची जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून दैत्याचा वध केला. उडालेले झाकण म्हणजे नैर्ऋत्येस सुमारे ३६ मैलांवर असलेली धाकेफळजवळची शंक्वाकृती टेकडी, सरोवराचे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त आणि त्यातील क्षार म्हणजे त्याचे कुजलेले मांस, अशी समजूत आहे. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेचे शिल्परूप होय.

जमिनीखाली झाकणाआड पडून असलेला दैत्य, रक्त, आणि त्याच्या निवासाशी जोडलेल्या स्त्रिया ही सामग्री वरवर पाहता स्टोकर यांच्या कादंबरीशी जुळते. या दोन कथांत प्रभावाचा काही संबंध नाही; म्हणूनच त्यांतील भेद अधिक बोलका आहे.

पहिला भेद मोहिनीचा. 'ड्रॅक्युला'त मोहिनी घालून स्त्रियांना वश करणारा परका पुरुष हाच दैत्य आहे. लोणारच्या कथेत रूप पालटून, मोहिनी घालून घरातील गुपित काढणारा परका पुरुष हा देव आहे. फसवणूक दैत्याने केलेली नाही, ती त्याच्या बहिणींची झाली आहे. कथा दैत्यवधाचा जयजयकार करते. त्या दोन बहिणींचे पुढे काय झाले, याबाबत मात्र ती मौन बाळगते. स्टोकर यांच्या कादंबरीतही ल्यूसी या तरुणीच्या देहावर तिच्याच प्रियकराकडून खुंटी ठोकून घेतली जाते व ते तिच्या मुक्तीचे कार्य मानले जाते. दोन्ही कथांत दैत्याच्या नाशाची किंमत स्त्री चुकवते, हे साम्य बाह्य सामग्रीच्या साम्यापेक्षा खोल आहे.

दुसरा भेद अवशेषांचा. ड्रॅक्युलाचा देह अखेरीस क्षणार्धात धूळ होतो, मागे काही उरत नाही. लोणासुराचे मात्र सर्व काही उरले आहे. त्याचे रक्त सरोवर झाले, त्याचे मांस क्षार झाले. या परिसरात काच व साबण यांच्या निर्मितीस लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद 'ऐन-ए-अकबरी'त आहे, म्हणजे दैत्याच्या देहावर माणसांची उपजीविका चालत होती. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण अभ्यासकांनी पुढे आणले. गॉथिक कल्पनेत दैत्य पुसला जातो. येथे तो भूगोल होतो. देशी दैत्य हा मानवी जगाबाहेर हाकलून देण्याचा विषय नसून त्या जगात पचवून घेण्याचा विषय आहे.

मराठी भूत : अपुरे राहिलेले माणूस

दैत्य आणि भूत यांतही भेद करावा लागतो. दैत्य जन्मानेच दैत्य असतो. भूत हे आधी माणूस असते. मराठी लोकसमजुतीतील भुतांची नामावली पाहिली तर तिची रचना ध्यानात येते. मुंज झाल्यावर पण सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ किंवा अळवंत होते. धनात जीव गुंतून, वारस नसताना मेलेला माणूस समंध होऊन पुरलेले द्रव्य राखतो. विद्येचा दुरुपयोग केलेला ब्राह्मण ब्रह्मराक्षस होतो. खवीस हे परधर्मीयाचे भूत मानले जाते. या समजुतींचे विस्तृत संकलन आर. ई. एन्थोव्हेन यांच्या 'द फोकलोअर ऑफ बॉम्बे' (१९२४) या ग्रंथात आहे. मुंबई इलाख्यापुरता हा ग्रंथ मर्यादित असल्याने १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली व १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडल्या गेलेल्या वऱ्हाडाचा, पर्यायाने बुलढाण्याचा, त्यात समावेश नाही. मराठी भुतांची अभ्यासातील ओळख त्यामुळे बरीचशी कोकणाकडे झुकलेली राहिली. वऱ्हाडातील सामग्रीचे पद्धतशीर संकलन हे या भागातील महाविद्यालयांना सहज हाती घेता येण्यासारखे काम आहे.

या नामावलीचे सूत्र असे की, प्रत्येक भूत हे अपुऱ्या राहिलेल्या संस्काराचे, अपुऱ्या नात्याचे किंवा अपुऱ्या इच्छेचे रूप आहे. समाजव्यवस्थेत ज्याला नियोजित जागी पोहोचता आले नाही, तो मृत्यूनंतर जागेसाठी भटकतो. जात, लिंग, वैवाहिक स्थिती आणि धर्म यांपैकी काहीच मरणानेही सुटत नाही. म्हणून मराठी भुताशी होणारा व्यवहार हा बहुधा देण्याघेण्याचा असतो. त्याला नैवेद्य दाखवला जातो, उतारा टाकला जातो, त्याची इच्छा विचारली जाते. गॉथिक रक्तपिपासू हा भुकेचा अतिरेक आहे, तर मराठी भूत हा हक्काचा अभाव आहे. एकाचा नाश करावयाचा असतो, तर दुसऱ्याची समजूत काढावयाची असते. हा भेद ध्यानात न घेता केलेली तुलना पोकळ ठरते.

वेताळ आणि भाषांतराने केलेला घोटाळा

वेताळ आणि व्हँपायर यांची सांगड घालण्याचे श्रेय, किंवा अपश्रेय, बऱ्याच अंशी रिचर्ड बर्टन यांच्याकडे जाते. त्यांनी १८७० मध्ये वेताळकथांचे स्वैर रूपांतर 'विक्रम अँड द व्हँपायर' या नावाने प्रसिद्ध केले. इंग्रजी वाचकाला ओळखीचा शब्द देण्याची सोय त्यात होती. मूळ वेताळ मात्र रक्तासाठी कोणाच्या मानेला लागत नाही. तो प्रेतात वास करतो, झाडाला उलटा लटकतो आणि राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो न्यायाचा प्रश्न विचारतो. राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, अशी अट आहे. एखाद्या न्यायसभेला शोभेल असा हा संवाद स्मशानात चालतो. महाराष्ट्रात व गोव्यात तर वेताळ हा गावाच्या वेशीचा राखणदार देव आहे. गोव्यात बेताळाची मंदिरे आहेत. 'चांदोबा' मासिकाने विक्रम-वेताळाच्या गोष्टी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांपर्यंत पोहोचवल्या आणि इंद्रजाल कॉमिक्सने 'फँटम' या परदेशी नायकाला मराठीत आणताना 'वेताळ' हेच नाव दिले. इंग्रजीत वेताळाचा रक्तपिपासू झाला आणि मराठीत परक्या नायकाचा वेताळ झाला. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाला भयाइतकाच संरक्षणाचा अर्थ होता, हे या नामकरणावरून दिसते.

वेताळपंचविशीच्या चौकटीतील कथानक या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागर'मध्येही ते आलेले आहे. राजा वेताळाला खांद्यावरून आणतो तो एका साधूच्या सांगण्यावरून. हा साधू राजाला दररोज फळ भेट देतो, फळात रत्न लपवतो, राजाचा विश्वास संपादन करतो आणि सिद्धीसाठी स्मशानातून प्रेत आणण्यास सांगतो. अखेरीस वेताळच राजाला सावध करतो. त्या साधूला वेताळाची सिद्धी हवी असून त्यासाठी राजाचाच बळी द्यावयाचा आहे, हे तो सांगतो व त्यातून सुटण्याची युक्तीही देतो. म्हणजे ज्याला इंग्रजीत 'व्हँपायर' म्हटले गेले तो प्राण वाचवणारा आहे, आणि खरा रक्तपिपासू भगव्या वेशातला, नम्रपणे भेट घेऊन येणारा माणूस आहे. भुतापेक्षा भुताच्या नावाने सिद्धी मिळवू पाहणारा अधिक धोकादायक असतो, हा इशारा या परंपरेने शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे.

नारायण धारप : आयात दैत्याचे देशीकरण

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कृती झाल्या. त्यांत संकटे व योगायोग यांची रेलचेल असली तरी त्यांचा रोख भयापेक्षा विस्मयाकडे होता. भयकथा हा स्वतंत्र प्रकार म्हणून मराठीत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने नारायण धारप (१९२५–२००८) यांना द्यावे लागते. त्यांच्या काही कृतींवर पाश्चात्त्य लेखनाचे ऋण उघड आहे. 'शपथ' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'इट' (१९८६) वर, तर 'लुचाई' ही 'सालेम्स लॉट' (१९७५) वर बेतलेली असल्याचे वाचक व अभ्यासक जाणतात. या ऋणाकडे बोट दाखवून धारपांना निकालात काढणे सोपे आहे. प्रश्न असा विचारावयास हवा की, या स्थलांतरात काय बदलणे अपरिहार्य होते?

'सालेम्स लॉट' ही लहान अमेरिकन गावात शिरलेल्या रक्तपिपासूची कथा आहे. त्यातील एक मर्मस्थान म्हणजे फादर कॅलहन यांची कसोटी. क्रूस हाती असूनही त्यांची श्रद्धा डळमळते आणि क्रूस निष्प्रभ होतो. किंग यांचे म्हणणे असे की, वस्तूत सामर्थ्य नसते, ते वस्तूमागील निष्ठेत असते. हे कथानक मराठीत आणताना क्रूसाच्या जागी काय ठेवावयाचे? गंगाजल, रुद्राक्ष किंवा मंत्र ठेवला की शब्दांतर होते, रूपांतर होत नाही. कारण क्रूसामागे चर्च ही संस्था, पापाची कबुली आणि सैतान ही निरपेक्ष दुष्टतेची कल्पना आहे. मराठी लोकसमजुतीत निरपेक्ष दुष्टता फारशी नाही. तेथे रागावलेले, उपाशी राहिलेले, विसरले गेलेले आहेत.

धारपांच्या एकूण लेखनाने या अडचणीवर जो मार्ग काढला तो दुहेरी आहे. एकीकडे त्यांनी मुंजा-समंधांच्या ओळखीच्या जगापलीकडची, मानवाशी कोणतेही नाते नसलेली अमंगल शक्ती कल्पिली. दुसरीकडे तिच्याशी लढण्यासाठी संस्थेऐवजी साधक व्यक्ती उभी केली. 'समर्थ' ही त्यांची गाजलेली व्यक्तिरेखा याचे ठळक उदाहरण. या नावासरशी मराठी वाचकाला रामदासांचे स्मरण होते आणि बलोपासनेचा सारा संदर्भ आपोआप कथेत येतो. क्रूसाच्या जागी वस्तू न ठेवता तपश्चर्येने कमावलेले चारित्र्य ठेवणे ही धारपांची खरी निर्मिती आहे. नक्कल या शब्दाने तिचे वर्णन होत नाही.

तथापि येथेच एक गंभीर प्रश्न उभा राहतो. 'ड्रॅक्युला'तील लढा सामूहिक आहे. व्हॅन हेल्सिंग हा ज्ञानी खरा, पण विजय मिळतो तो सर्वांच्या रोजनिश्या, वर्तमानपत्रांची कात्रणे व तारा मीना ही तरुणी टंकलिखित करून एकत्र लावते म्हणून. ज्ञान वाटून घेता येते, तपासता येते. समर्थांचे सामर्थ्य मात्र व्यक्तिगत आहे. इतरांनी त्यावर विश्वास ठेवावयाचा असतो. पीडित कुटुंब आणि अलौकिक सामर्थ्याचा पुरुष ही रचना समाजातील बाबा-बुवांच्या रचनेशी मिळतीजुळती आहे. फरक एवढाच की, कथेत त्या पुरुषाच्या सचोटीची हमी लेखकाने दिलेली असते; जीवनात अशी हमी देणारा लेखक नसतो. भयकथेच्या अध्यापनात हा फरक विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

रत्नाकर मतकरी : दैत्याचे अंतर्मुखीकरण

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या लेखनासाठी 'गूढकथा' ही संज्ञा वापरली, ती विचारपूर्वक होय. 'खेकडा', 'कबंध', 'मृत्युंजयी' इत्यादी संग्रहांतून त्यांनी भयाचे स्थान वाड्यातून व स्मशानातून काढून मध्यमवर्गीय घरात आणि मनात आणले. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात अद्भुताची व्याख्या संभ्रमाच्या आधारे केली. घडलेली घटना अलौकिक आहे की तिला लौकिक स्पष्टीकरण आहे, याविषयी वाचक जोवर अनिश्चित असतो तोवरच अद्भुत टिकते, असे त्यांचे मत आहे. मतकरींच्या गूढकथेला ही व्याख्या धारपांच्या कथेपेक्षा अधिक लागू पडते. धारपांच्या जगात अमंगल शक्ती आहे याबद्दल शंका उरत नाही; मतकरींच्या जगात माणसाची ईर्षा, अपराधभावना व एकाकीपण हेच पुरेसे अमंगल असते.

मतकरींनी मुलांसाठी केलेले कार्यही या संदर्भात पाहावयास हवे. 'निम्माशिम्मा राक्षस' व 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यांत राक्षस आणि चेटकीण हसण्याचे विषय होतात. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेली चेटकीण तर रंगभूमीच्या इतिहासात नोंदली गेली आहे. ज्या समाजात चेटकीण किंवा डाकीण हा शब्द एखाद्या एकट्या बाईवर आरोप म्हणून उच्चारला जाऊ शकतो, त्या समाजातील मुलांना चेटकिणीला हसावयास शिकवणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. भयाची मक्तेदारी मोडण्याचा तो सर्वांत सहज मार्ग आहे.

'तुंबाड' : दोन प्रवाहांचा संगम

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट मराठी भयपरंपरेचे फलित म्हणून पाहता येतो. धारपांच्या 'आजी' या कथेशी त्याचे नाते आहे, ती कथा किंग यांच्या कथेवरून सुचलेली आहे, आणि शीर्षकाने श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण दिली आहे. चित्रपटाचा काळ १९१८ ते १९४७ असा आहे. त्यातील हस्तर हा देवतेचा पहिला पुत्र सोन्यासाठी व धान्यासाठी हावरा आहे. तो जमिनीखालच्या गर्भगृहात कोंडलेला असून पिठाच्या बाहुलीने त्याला भुलवले की त्याच्याकडून सुवर्णमुद्रा मिळवता येतात.

येथे धन राखणारा समंध आणि कधीच न भागणारी गॉथिक भूक यांचा संगम झाला आहे. त्याचबरोबर रक्तपिपासूचे मूळ समीकरणही उलटले आहे. दैत्य माणसांकडे येत नाही. माणूसच वारंवार दैत्याकडे उतरतो, पुढे मुलालाही घेऊन जातो. शोषण करणारा माणूस व शोषला जाणारा दैत्य अशी ही रचना आहे. विनायक या नायकाच्या संपत्तीमागे श्रम नाहीत, शेती नाही, व्यापार नाही. आहे तो केवळ वारसाहक्काने मिळालेला विवराचा पत्ता. लोणासुराच्या बहिणींप्रमाणेच येथेही विवराचे गुपित घरातील वृद्ध स्त्रीकडे आहे आणि ते तिच्याकडून काढून घेतले जाते. 'मुंज्या' (२०२४) या चित्रपटाच्या यशानंतर मराठी लोकसमजुतीतील भुतांना व्यावसायिक चित्रपटात मोठी मागणी आली आहे. मात्र मुंजा म्हणजे कोणता सामाजिक अपुरेपणा, हा प्रश्न सुटून गेल्यास केवळ विचित्र चेहरा उरण्याचा धोका संभवतो.

वर्गातील भय आणि वर्गाबाहेरील भय

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला अनेक राज्यांतून, सर्व धर्मांचे लोक येतात. भूतबाधा झाली आहे असे ज्यांच्याविषयी मानले जाते अशा व्यक्तींना, ज्यांत मानसिक आजाराने ग्रासलेले अनेक असतात, त्यांचे कुटुंबीय येथे आणतात. या लोकांची श्रद्धा आणि त्यांची हतबलता यांचा उपहास करणे हे विद्येचे लक्षण नव्हे. उपचार दूर, खर्चिक व लज्जास्पद मानले गेलेले असताना, दुःखाला एखादे नाव व एखादी जागा मिळणे ही त्या कुटुंबाची गरज असते. परंतु आजाराला भूत म्हटले की त्यावरील उपायही भुताचा होतो, आणि मार खाते ते माणूस. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, ही घटना विसरता येत नाही.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर नरबळी व अन्य अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, तसेच एखादी व्यक्ती करणी करते असे भासवणे हे त्यानुसार गुन्हे ठरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. या कायद्यांनी भूतकथा लिहिण्यावर बंदी घातलेली नाही, हेही तितकेच ध्यानात ठेवावयास हवे.

काही प्राध्यापकांचे मत असे असते की, ज्या भागात भूतबाधेवर विश्वास आहे तेथे भयकथा शिकवूच नये. ही भूमिका सद्हेतूची असली तरी मान्य होण्यासारखी नाही. विद्यार्थी भयकथा वाचतात व पाहतातच. फक्त ते एकटे पाहतात, प्रश्न विचारल्याशिवाय पाहतात. शिवाय भयकथा आणि भूतबाधेचा दावा यांत मूलभूत फरक आहे. कथा वाचकाशी करार करते की हे कल्पित आहे, आणि पुस्तक मिटल्यावर भय संपवते. बाधेचा दावा करणारा मात्र भय संपू देत नाही, कारण त्याचा व्यवहार त्यावरच चाललेला असतो. हा फरक ओळखण्याचे शिक्षण भयकथेच्या चिकित्सक वाचनातूनच मिळू शकते. भूत कोणाच्या अपुरेपणाचे आहे, त्याचा फायदा कोणाला होतो, किंमत कोण चुकवते, आणि उपायाचे ज्ञान सर्वांना तपासता येते की एकाच्याच हाती राहते, हे चार प्रश्न कोणत्याही भयकथेला विचारता येतात. तेच प्रश्न गावातील एखाद्या प्रत्यक्ष घटनेलाही विचारता येतात. ज्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे, त्या विद्यापीठाच्या क्षेत्रात हे अध्यापन परके ठरू नये. कीर्तनात प्रश्न विचारूनच गाडगेबाबा श्रोत्यांच्या तोंडून उत्तर काढून घेत असत.

निष्कर्ष

१. गॉथिक रक्तपिपासू, पौराणिक दैत्य आणि मराठी लोकसमजुतीतील भूत या तीन भिन्न कल्पना आहेत. पहिली अमर्याद भुकेची, दुसरी भूमीत पचवून घेतलेल्या शत्रूची, तर तिसरी अपुऱ्या राहिलेल्या माणसाची आहे.

२. वेताळ व व्हँपायर यांचे समीकरण हे एकोणिसाव्या शतकातील भाषांतराच्या सोयीतून आलेले आहे. वेताळपंचविशीतील खरा धोका वेताळ नसून सिद्धीसाठी बळी शोधणारा साधू आहे.

३. धारपांची भयकथा ऋण घेऊनही केवळ अनुकरणात्मक राहत नाही. तथापि तिच्यातील तारक पुरुषाची रचना चिकित्सेने वाचली पाहिजे. मतकरींनी भयाला मनात आणून व बालनाट्यात हास्यविषय करून त्या रचनेला पर्याय दिला.

४. लोणारच्या कथेपासून 'तुंबाड'पर्यंत दैत्याचे गुपित स्त्रीकडे असणे व ते तिच्याकडून काढून घेतले जाणे हे सूत्र दिसते. स्त्रीवादी समीक्षेने त्याचा स्वतंत्र अभ्यास करावा.

५. भूतबाधेवरील विश्वास जेथे जिवंत आहे तेथे भयसाहित्य टाळणे नव्हे, तर ते प्रश्नांसह शिकवणे इष्ट आहे. राजाने वेताळाच्या प्रश्नांची उत्तरे विचार करून दिली, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते तेव्हा तो गप्प राहिला, आणि अखेरीस तो साधूच्या हातून वाचला. विद्यार्थ्यांना भयकथेतून मिळावयाची शिकवण यापेक्षा वेगळी नाही.